तिसऱ्या हाकेचे मामू

जगात संपत्तीचं वाटप अन्यायानं झालंय हे पुण्यात शिकत असताना मी इतक्या पत्रकांवर लिहिलं, की शेवटी छापखानेवाला म्हणाला, "ताई, ही ओळ मी जुळवूनच ठेवतो, तुम्ही फक्त तारीख सांगत जा." पण भीतीचं वाटप त्याहून वाईट झालंय, आणि त्याबद्दल आजवर एकाही संघटनेनं अवाक्षर काढलेलं नाही. माझं स्पष्ट म्हणणं आहे, की माणसाच्या जातीला म्हणून जेवढी भीती मिळाली तिचा निम्मा साठा एकट्या आमच्या मामूंकडे आहे. सौदीतल्या जेद्दाच्या अल अझीझिया वस्तीत, आमच्या घराच्या बरोब्बर खालच्या मजल्यावर ते राहतात. माझ्या आईच्या गावचे, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, म्हणून मामू. रक्ताचं नातं काय म्हणून विचाराल तर आई चार पिढ्यांची लग्नं एकमेकांत गुंतवून ते सिद्ध करून दाखवते, पण ऐकायला तेवढा वेळ कुणालाच नसतो.

मामू कशाला घाबरतात, हा प्रश्नच चुकीचा आहे. ते लिफ्टला घाबरतात, म्हणून जिन्यानं जातात. जिन्यात मांजरं असतात, म्हणून पहिल्या पायरीशी उभं राहून टाळ्या वाजवतात. टाळ्या ऐकून वॉचमन बाहेर येतो, त्याला घाबरून ते लिफ्टमध्ये शिरतात. मिक्सर लावण्याआधी ते कुराणातली संकटातून राखणारी आयतल कुर्सी म्हणतात. अनोळखी नंबरचा फोन आला तर फोन उशीखाली घालून वर स्वतः बसतात. जेद्दाच्या आभाळात ढगाचा एक तुकडा दिसला, की घरातल्या सगळ्या चपला कपाटाच्या माथ्यावर जातात. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचा धसका तर असा, की टॅक्सीत मागच्या सीटवरसुद्धा पट्टा बांधून, दोन्ही तळवे मांडीवर ठेवून, पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे बसतात आणि सिग्नल दिसला की किंचित हसतात. आमचं इथलं राहणं ज्या कार्डावर असतं तो इकामा त्यांनी दोरीत ओवून गळ्यात घातलाय, बनियनच्या आत. त्याची एक झेरॉक्स बुटात, एक फ्रीजमध्ये, मटणाच्या पिशवीखाली. घराला आग लागली तर फ्रीज वाचतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. मी एकदा चिडून विचारलं, "मामू, तुम्ही नेमका गुन्हा काय केलाय?" तर इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "ताच तर आठवत नाय गो बाय. म्हणून तर भीती."

आणि हा माणूस नोकरी कसली करतो? एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर काळोख्या खोलीत लोकांच्या कवट्या, बरगड्या, मणके. पेशंटला 'श्वास रोखा' म्हणाले की मामू स्वतःही रोखतात आणि पेशंटला सोडायला सांगायचं विसरतात. अझीझियातल्या निम्म्या पाकिस्तानी दुकानदारांना त्यांनी निळंजांभळं केलंय. मला वाटायचं, ज्याला मांजर सोसत नाही त्याला सांगाडे कसे सोसतात? त्यावर त्यांचं म्हणणं ठरलेलं. "हाडांना कसली भीती गो? हाडं गप असतात. मांस लागला की माणूस बोलतो, मग तक्रार करतो." गावच्या भुतांचीही त्यांना इथे काळजी वाटत नाही, कारण गिऱ्हा आणि चकवा कोकणातच राहिले, त्यांना व्हिसा मिळाला नाही. काळजी इथल्या जिनांची. "त्यांना आपली भाषा येत नाय. समजूत कशी काढणार?"

पण मामूंचा खरा कायदा हाकेचा. आमच्याकडे खाडीकाठी सगळ्यांना माहीत असतं, की दिवेलागणीनंतर बाहेरून कुणी हाक मारली तर लगेच 'ओ' द्यायची नाही. भूत दोनदाच हाक मारतं. तिसऱ्यांदा हाक आली तर समजावं, माणूस आहे. गावात हा नियम रात्रीपुरता. मामूंनी तो जेद्दामध्ये चोवीस तासांचा केला, कारण इथे एसीसाठी पडदे कायम बंद असतात आणि बाहेर दिवस आहे की रात्र हे विचारायलासुद्धा कुणाला तरी हाक मारावी लागते. त्यामुळे दवाखान्यात डॉक्टर दोनदा ओरडून तिसऱ्यांदा ओरडतात तेव्हा मामू हजर होतात. खालच्या किराणा दुकानातला मल्याळी पोरगा तर थेट तीनदा ओरडूनच मोकळा होतो, "मामू मामू मामू, दूध!" आम्ही हसायचो. आई मात्र हसायची नाही. मामी वारल्या त्या वर्षीची एक गोष्ट तिला ठाऊक होती. दफन होऊन काही दिवस झाले होते, मामू बाहेरच्या खोलीत एकटे बसले होते आणि स्वयंपाकघरातून अगदी मामींच्या आवाजात हाक आली, "अवो, ऐकलाव काय?" मामूंनी नियम पाळला. गप्प बसून दुसऱ्या हाकेची वाट पाहिली, तिसरीची पाहिली. त्या आल्याच नाहीत. हे आईनं मला सांगितलं. मामू कधी बोलले नाहीत.

त्यांच्या घरात आणखी एक माणूस, इफ्रा. त्यांची मुलगी, दहावीतली, इंडियन स्कूलमध्ये. बापाला 'डॅड' म्हणणार, बापानं कोकणीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देणार आणि जपानी म्हणून जे जे काही असेल त्यावर जीव टाकणार. जपानी कार्टूनं, जपानी पेनं, जपानी भुतं. बापाची तिला लाज वाटायची हे मी स्पष्टच सांगते, कारण त्यात तिचा दोष नव्हता. शाळेच्या गेटवर मांजर बघून ज्याचा बाप रस्ता ओलांडून पळाला, त्या मुलीला वर्गातल्या मुली काय सुखानं बसू देतात? तिला मांजरीचं नाव पडलं होतं.

अशातच मला एक नोकरी लागली. एक जपानी कंपनी भुताचा सिनेमा काढायला जेद्दाला आली होती आणि गर्दीतली माणसं पुरवणाऱ्या एजन्सीत मी कोऑर्डिनेटर झाले. कोऑर्डिनेटर म्हणजे पाणी, बस आणि शिव्या. शहराबाहेर कामगारांची एक जुनी रिकामी छावणी होती, तिथे शूटिंग. गोष्ट अशी, की एक जपानी इंजिनीयर बाई प्लँटच्या कामावर येते आणि छावणीत पूर्वी राहिलेले कामगार भुतं होऊन तिला दिसू लागतात. पटकथा वाचली आणि माझं डोकं फिरलं. घाबरणारे सगळे जपानी, घाबरवणारे सगळे आम्ही! नेपाळी, बंगाली, फिलिपिनो, मल्याळी, बिहारी, सगळी भुतं. नावं नाहीत, नुसते आकडे. भूत एक, भूत दोन. मी सहायक दिग्दर्शकाला तोंडावर विचारलं, "मेल्यावरही आम्हीच ओव्हरटाइम करायचा का?" त्यानं वाकून नमस्कार केला आणि पाण्याचे खोके कुठे आहेत ते विचारलं.

मात्र त्या छावणीत शिरताना माझीही बडबड बंद व्हायची, हे कबूल केलं पाहिजे. खिडक्यांना काळं कापड लावून भरदुपारी रात्र केलेली. एकावर एक लोखंडी खाटा. भिंतींवर पाच-सहा लिप्यांत कोरलेली नावं, मोबाइल नंबर, एका खाटेच्या डोक्याशी लहान मुलाच्या उंचीच्या खुणा; मूल तिथे कधीच नसणार, बापानं फोनवर विचारून विचारून त्या भिंतीवर वाढवलेलं असणार. जपानी कलादिग्दर्शकाला वाटलं, हे आमच्या एजन्सीनं रंगवून घेतलं. तो माझं कौतुक करायला आला. मी त्याला सांगितलं, हे रंगवलेलं नाही. तेव्हापासून तो माणूस त्या खोलीत एकटा गेला नाही. मीही नाही.

या सिनेमाच्या मागे आणखी एक कॅमेरा फिरायचा. पडद्यामागचा माहितीपट करणारी जपानी मुलगी, माझ्याच वयाची, केस कापलेली, कमी बोलणारी. सगळे सेटवर तिला विसरून जायचे आणि ती कुणालाच विसरायची नाही. मी मनात तिला 'माहितीपटवाली' म्हणायचे.

इफ्रा माझ्या मागे लागली, आपा, सेट दाखव, एकदाच. शुक्रवारी तिला नेलं. मामू तिला एकटीला सोडायला घाबरत होते आणि सोबत यायलाही घाबरत होते. शेवटी दुसऱ्या भीतीपेक्षा पहिली मोठी ठरली. ते आले आणि एका कोपऱ्यात खुर्चीवर तळवे मांडीवर ठेवून बसले. त्या दिवशी आमच्या एका नेपाळी भुताला ताप भरला होता. म्हाताऱ्या दिग्दर्शकाची नजर फिरत फिरत मामूंवर गेली. उंच, वाळलेले, डोळे खोबणीत, हात गुडघ्यांपर्यंत आणि सबंध अंगभर खरीखुरी भीती. दिग्दर्शकानं नुसतं बोट केलं.

"मी? नको गो बाय! दवाखान्यात कळला तर? कफीलला कळला तर?" मामू खुर्चीसकट मागे सरकले. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आमची इथली नोकरी असते तो मालक. त्याला न विचारता दुसरीकडे बोटभर काम केलं तरी गोत्यात येतो माणूस, हे इथे जन्मलेल्या पोरांनाही माहीत असतं. मी म्हटलं, "पगार नाही, काही नाही. पाहुणे म्हणून उभं राहायचं." मामू म्हणाले, "पोलीस पावती मागतील तेव्हा 'पगार नाही' याची पावती कुठून आणू?" तेवढ्यात इफ्रा त्यांच्याजवळ गेली. "प्लीज, डॅड," एवढंच म्हणाली. मामूंनी तिच्याकडे पाहिलं. मुलगी आपल्याकडे काहीतरी मागतेय आणि ते देणं आपल्या हातात आहे, असं बहुधा पुष्कळ दिवसांनी घडत होतं. ते उठले. गळ्यातला इकामा चाचपला आणि मेकअपच्या खोलीत गेले, बकरा जातो तसे.

शॉट साधा होता. काळोखी, लांब मार्गिका. टोकाला भूत पाठमोरं उभं, टोपाचे केस कमरेपर्यंत. इंजिनीयर बाई या टोकाला येते, जपानीत 'कोण आहे?' म्हणून हाक मारते आणि भूत सावकाश वळतं. मी मामूंना मराठीत समजावलं, "तिनं हाक मारली की वळायचं." चूक माझी होती. मी 'हाक' हा शब्द वापरायला नको होता.

नटीनं हाक मारली. भूत हललं नाही. सहायकानं माझ्याकडे पाहिलं, पण दिग्दर्शकानं हात वर धरून कॅमेरा चालू ठेवला. नटी चांगली होती, तिनं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. भूत ढिम्म. आता त्या मार्गिकेत काहीतरी बदललं. एसी बंद होता, तरी माझ्या मानेवर काटा आला. सगळ्यांना ठाऊक होतं, की तो मघाशी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठलेला माणूस आहे, आणि तरीही एकालाही खात्री वाटेना. भिंतीवरच्या त्या नावांपैकीच कुणीतरी तिथे उभं आहे आणि आपण ज्याला उभं केलं तो दुसरीकडेच कुठेतरी आहे, असं मला, होय, मला वाटलं. नटीचा आवाज फुटला. तिसऱ्यांदा तिनं हाक मारली ती पटकथेतली नव्हती, घाबरलेल्या बाईची होती.

"ओ," भूत म्हणालं आणि वळलं.

लाइट धरणारा माणूस किंचाळला. खाटेवर बसलेली आमची बाकीची भुतं एकमेकांना बिलगली. दिग्दर्शकानं हात खाली केला आणि विचारलं, हा माणूस का थांबला? मामू केसांच्या आतून थरथरत म्हणाले, "त्यांना सांग बाय, मला कसा कळणार ती भूत आहे का माणूस? भूत दोनदाच हाक मारतो. तिसऱ्यांदा मारली, तेवा भरवसा आला." मी इंग्रजीत भाषांतर केलं. दिग्दर्शकानं ते दोनदा करून घेतलं. भूतच बाईला घाबरलं होतं! म्हातारा उठला आणि मामूंसमोर इतका वाकला की मामू घाबरून त्याच्याहून खाली वाकले. त्यानंतर सेटवर ते 'मामू-सान', म्हणजे मामूसाहेब, झाले. केस काढून, तोंडावरचा पांढरा रंग पुसत, इफ्राच्या खांद्यावर हात ठेवून ते हसले, आणि माहितीपटवालीनं तेही टिपलं. उघडा चेहरा, हसू, सगळं. बापाला बघून लोक किंचाळले याचा एवढा अभिमान मी दुसऱ्या कुठल्या मुलीच्या तोंडावर पाहिलेला नाही.

थंडीत माहितीपटाचा कच्चा तुकडा माझ्याकडे आमच्या माणसांच्या बोलण्याच्या भाषांतरासाठी आला. त्यात जपानी माणूस दिसला की खाली नाव, काम, गाव. आणि आमचा भाग? गोड संगीत, जेवणाची रांग, हसरे काळे-सावळे चेहरे आणि खाली एकच पट्टी, 'स्थानिक लोक'. स्थानिक! त्या रांगेत एक माणूस स्थानिक असेल तर शपथ. विविधतेच्या नावानं आमचे दात दाखवायचे आणि आमचं नाव गिळायचं! मी रात्रीचं जेवण सोडून पत्रकाच्या भाषेत असा काही मेल लिहिला की त्यात तीन ठिकाणी 'धिक्कार' होता. दुसऱ्या दिवशी माहितीपटवालीचं उत्तर आलं, बचाव नाही, सबब नाही. 'तुझं बरोबर आहे. नावं आणि गावं पाठव. आणि मामू-सानचा चेहरा शेवटी ठेवते, पूर्ण, केस काढल्यावरचा. माझा माहितीपट त्या चेहऱ्यासाठीच आहे.'

आयुष्यात मी पाठवलेल्या निषेधाचा कुणीतरी स्वीकार केला होता! मी जिन्यावरून धावत खाली गेले, तीनदा हाक मारली, दार उघडताच बातमी दिली. इफ्रा नाचायलाच लागली. वर्गात तिनं सांगितलं होतं आणि कुणी विश्वास ठेवला नव्हता. मांजरीला भिणारा बाप जपान्यांना कसा भिववेल? आता चेहराच येणार म्हटल्यावर वर्गाची तोंडं बंद. मामू मात्र पांढरे पडले, मेकअपशिवाय.

त्या दिवसापासून खालच्या मजल्यावर भीतीनं बिऱ्हाड थाटलं. मामू जेवेनात. मशिदीत मागच्या रांगेत उभे राहू लागले. दवाखान्यात कुणी मोबाइल हातात धरून हसलं की त्यांना वाटायचं, बघितला. घरी आले की दिवे लावायचे नाहीत. मी समजवायला गेले. "मामू, आपण जन्मभर बिनचेहऱ्याचंच राहायचं का? गर्दीत उभं राहायचं, राबायचं आणि नाव मात्र दुसऱ्याचं?"

"बाय, तुझा भाषण चांगला असतो," ते अंधारातूनच म्हणाले. "पण चेहरा दाखवायला पायाखाली जमीन लागते. माझी जमीन दरवर्षी रिन्यू होते. इफ्राची परीक्षा तोंडावर आहे. तिच्या परीक्षेआधी कुणी 'खलास' म्हटला, तर मी तिला घेऊन कुठे जाऊ?"

मला उत्तर सुचलं होतं. पुण्यात असते तर ते छापलंही असतं. पण मी वर येऊन लॅपटॉप उघडला आणि लक्षात आलं, की इथे आल्यापासून मी स्वतःच्या नावानं एक ओळ कुठे लिहिलेली नाही. मेलसुद्धा एजन्सीच्या पत्त्यावरून.

आणि मग तो सोमवार आला. दवाखान्याच्या मुदीरनं, म्हणजे मॅनेजरनं, निरोप धाडला, दुपारी केबिनमध्ये या. मामू सकाळीच वर आले. घराची किल्ली आईच्या हातात दिली. लोणच्याची बरणी दिली. "इफ्राला लागतो. मिरचीचा वेगळा आहे." आई म्हणाली, "भाय, असा काय करतास? काय होत नाय." मामू म्हणाले, "काय होत नाय असा ज्याला सांगतात, त्यालाच होता." आम्ही तिघंही सज्जातून त्यांना रस्ता ओलांडताना पाहत राहिलो, अब्बू, आई आणि मी. कचऱ्याच्या पेटीवर मांजर होतं. मामू त्याच्या अगदी जवळून गेले, त्यांना दिसलंसुद्धा नाही. त्या दुपारी मी पहिल्यांदा त्या माणसाची भीती तिच्या वजनासकट उचलून पाहिली. ती गमतीची नव्हतीच कधी. फोन वाजेना. आई जपमाळ ओढत होती. मेल लिहिणाऱ्या माझ्या बोटांचा मला राग येत होता.

संध्याकाळी मामू परतले. मुदीरच्या म्हाताऱ्या आईचा गुडघा दुखत होता आणि तिचं म्हणणं होतं, की तिचा एक्स-रे त्या 'हिंदी'नंच, म्हणजे भारतीयानंच, काढावा, कारण तो स्वतःही श्वास रोखतो, त्यामुळे तिला एकटं वाटत नाही. एवढंच! अब्बू पोट धरून हसले. मामू हसले नाहीत. आईनं दिलेलं पाणी घटाघट प्यायले आणि मला म्हणाले, "आज वाचलो. रोज कोण वाचतो? तिला लिही, हाक ठेव, चेहरा काढ."

मी तेवढंच लिहिलं. एकही 'धिक्कार' घातला नाही. माहितीपटवालीनं तेवढंच वाचलं आणि तेवढंच केलं. इफ्रानं मात्र बापाशी बोलणं सोडलं. "फाइन, डॅड," म्हणून खोलीचं दार लावून घेतलं, ते परीक्षा संपेपर्यंत.

परीक्षेनंतर माहितीपट इंटरनेटवर आला. जुम्म्याची नमाज झाल्यावर आमच्या हॉलमध्ये सगळे जमलो. इफ्रानं वर्गातल्या दोन मुलींना आणलं होतं; आणलं कसलं, त्याच तिची मजा बघायला आल्या होत्या. मामू टीव्हीसमोर बसेनात. "मी चहा बघतो," म्हणून स्वयंपाकघरात, दाराआड. पडद्यावर जेवणाची रांग आली आणि या वेळी प्रत्येक चेहऱ्याखाली नाव होतं, गाव होतं. बिराटनगरचा, बारिसालचा, सिवानचा. अब्बू एकेक पट्टी मोठ्यानं वाचत होते, हजेरी घ्यावी तशी. शेवटी ती काळी मार्गिका. पाठमोरं भूत. खाली पट्टी, 'मामू, कोकण'. पहिली हाक. दुसरी. तिसरी. "ओ." वळलेल्या भुताच्या तोंडावर सगळे केसच केस. आणि माहितीपट संपला.

"बट हू इज दॅट?" त्यातली एक मुलगी म्हणाली. "इफ्रा, दिस कुड बी एनीबडी, यार." दुसरी हसली आणि तिनं हळूच मांजरीसारखा आवाज काढला.

इफ्राचं तोंड लाल झालं. मला वाटलं, रडणार. मी पत्रक काढायच्या तयारीत होते. पण ती उठली, स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे तोंड केलं आणि डॅड नाही, इंग्रजी नाही, तिची आई मारायची तशी, त्याच चालीत, हाक मारली:

"अब्बा! ऐकलाव काय?"

"ओ!"

पहिल्या हाकेला. श्वासाचंसुद्धा अंतर नाही. आणि तीच 'ओ', पडद्यावरची, मार्गिकेच्या टोकाची, पाण्याखालून आल्यासारखी. दोघी मुली किंचाळून सोफ्याच्या मागे गेल्या. दार उघडून मामू बाहेर आले, हातात चहाची गाळणी, चेहऱ्याचा रंग गेलेला. "काय झाला? कोण गेला?" इफ्रा हसत होती आणि रडत होती आणि मुलींना म्हणत होती, "माझे अब्बा! सांगितलं होतं ना, माझे अब्बा!" चक्क मराठीत. आई तेवढी एकटी हसत नव्हती. ती मामूंकडे बघत होती.

सगळे गेल्यावर कपबशा उचलताना मी विचारलं, "मामू, पहिल्याच हाकेला कसे काय?"

मामूंनी गाळणी धुतली, झटकली, पुन्हा धुतली. "मागच्या वेळी थांबलो होतो गो," ते म्हणाले.

आता इफ्रा पुण्यात असते, अकरावीला. व्हिडिओ कॉलवर बापाला मराठीतून रागावते. मुदीरनं तो माहितीपट पाहिला की नाही ते अजून कुणाला कळलेलं नाही, म्हणजे मामूंना भ्यायला हक्काचं कारण आहे. इकामा गळ्यात आहे, झेरॉक्स मटणाखाली आहे. घरात माणूस एकच उरल्यामुळे त्यांची भीती आता दोन्ही खोल्यांत पसरून झोपते.

मी अजून चिडते, अजून लिहिते. पण पुण्यातल्या आमच्या सगळ्या पत्रकांत आम्ही आवाज उठवा, आवाज उठवा एवढंच म्हणत राहिलो. एकदा ओरडायचो आणि पुढच्या मोर्चाला निघून जायचो. कुणी ओ दिली नाही म्हणून लोकांनाच नावं ठेवायचो. मामूंना ते चालत नाही. रोज संध्याकाळी आईनं दिलेला डबा घेऊन मी खाली जाते, त्यांच्या दारात उभी राहते. एक हाक मारते. दुसरी मारते. दारामागे त्यांचा रोखलेला श्वास मला ऐकू येतो. मी भूत आहे की माणूस हे ठरायचं असतं, आणि ते ठरवणं सर्वस्वी माझ्या हातात असतं.

"मामू..."